जिथं गवत उगवलं नाही

बायको आर्डिस गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ऑर्विन टोलेफ्सनला ती रानात दिसायला लागली.

रोज नव्हे. दुपार कलली आणि वारा पडला की दिसायची. डोक्यावर कॅनव्हासची टोपी, पायात हिरवे रबरी बूट, आणि कमरेत वाकलेली. ऑर्विन कुंपणापाशी पिकअप उभी करायचा, थर्मासमधली कॉफी ओतून घ्यायचा आणि बघत बसायचा. ती मान वर करायची नाही. हाक मारली तरी नाही. पहिल्यांदा कॉफी मांडीवर सांडली. पुढं सवय झाली. मग अशी सवय झाली की एखाद्या दिवशी ती दिसली नाही तर घास गिळवेना.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. मिनेसोटाच्या त्या भागात माणसं असलं काही बोलत नाहीत. चर्चमध्ये कुणी विचारलं, ‘कसं काय चाललंय?’ की ‘तसं वाईट नाही’ म्हणायचं आणि कॉफीसाठी कप पुढं करायचा.

रान आर्डिसच्या वडिलांकडून आलेलं. वीस एकर, आणि त्याला कधीच नांगर लागलेला नाही. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन, मध्येच हा छातीएवढ्या गवताचा चौकोन. सगळा मुलूख एके काळी असाच होता म्हणतात. आर्डिस विद्यापीठात वनस्पतींचं शिकली, गावच्या हायस्कुलात उभी हयात शिकवत राहिली, आणि लग्न झाल्यापासून एकच सांगत आली, आपल्यामागं रान विद्यापीठाला जाऊ दे. ऑर्विन विहिरींचे बोअर मारायचा. विद्यापीठाशी त्याचा संबंध एवढाच की त्यांच्या गोठ्याला एकदा बोअर मारून दिला होता. तो म्हणायचा, “देऊ की. मला काय करायचंय तुझ्या गवताचं.” कागद मात्र राहून गेले. आता सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. द्यायचं की नाही, तोच ठरवणार होता.

रानाच्या खालच्या अंगाला, जिथं जमीन ओलसर राहते, तिथं मे महिन्याच्या शेवटी पांढरी फुलं यायची. तान्ह्या मुलाच्या बुटाएवढी. जातीनं ऑर्किड. आर्डिस त्यांच्यासाठी वर्षभर थांबायची. आजारात एकदा म्हणाली, “मला तिथं टाक हं, ऑर्विन.”

त्यानं तिथंच टाकलं. लोक राख हवेत उधळतात ते त्याला पटलं नव्हतं. वाऱ्यानं मक्यात गेली तर? बोअरच्या नळीभोवती माती दाबून बसवतात तशी त्यानं सगळी राख त्या फुलांच्या मधोमध ओतली, हातानं चेपली, उडू नये म्हणून वरून बादलीभर पाणी मारलं. चांगलं काम झालं असं त्याला वाटलं होतं.

पुढच्या वर्षी तिथं काही उगवलं नाही. जेवणाच्या टेबलाएवढा तुकडा, पांढुरका, वर पापुद्रा धरलेला. फुलं तर नाहीतच, गवताची काडीही नाही. वसंतात विद्यापीठाची पोरं आर्डिसच्या वेळेपासूनच्या शिरस्त्यानं रान जाळायला आली, म्हणजे नवं गवत जोमानं येतं, तेव्हा आग त्या तुकड्याशी येऊन दोन्हीकडून वळून गेली. सगळं काळं झालं आणि मध्ये तो तेवढा पांढरा राहिला.

आणि आर्डिस दिसायची ती तिथंच.

*

“काका, वीस एकर गवत!” पुतण्या डेल म्हणाला. तो शेजारची जमीन कसत होता. “खायला आता रानगवेपण उरले नाहीत. मला विका. नाहीतर निदान खंडानं द्या.”

“तुझ्या काकूला चाललं असतं का?”

“काकूनं मला बायॉलॉजीत नापास केलेलं. तिचं सगळंच कसं ऐकू?”

ऑर्विनला हसू आलं. डेल वाईट नव्हता. ज्या शिक्षिकेनं नापास केलं तिच्या शवपेटीला खांदा द्यायचा म्हणून नवा कोट घेऊन आला होता. पेटी नसून राखेचा डबा आहे हे कळल्यावर त्याला हातांचं काय करावं ते सुचेना.

विद्यापीठाकडून मार्नी क्विस्ट आली. मृत्युपत्रातून, जमिनीतून, घरातून जे काही लोक विद्यापीठाला ठेवून जातात ते बघणं हेच तिचं काम. पन्नाशीची, मोठ्यानं हसणारी. ऑर्विननं तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि रुबार्बच्या आंबट देठांची वडी पुढं केली.

“तुम्ही केलीत?”

“शेजारणीनं. माझी खाल्ली असतीत तर देणगी नको म्हणाला असतात.”

तिनं सांगितलं ते सोपं होतं. रान आत्ताच विद्यापीठाच्या नावावर करायचं, पण ऑर्विन जिवंत आहे तोवर ताबा त्याचा. त्यानं यावं, बसावं, कुणाला येऊ द्यावं न द्यावं. त्याच्यामागं मात्र सगळं त्यांचं.

“मला एक सांगा,” ऑर्विन म्हणाला, “लोक का देतात?”

“कागदावर सगळे लिहितात, कृतज्ञता म्हणून.”

“आणि स्वयंपाकघरात?”

“स्वयंपाकघरात वेगळं सांगतात. एक बाई म्हणाल्या, पोरगी असताना मला ऊब मिळाली ती फक्त तुमच्या लायब्ररीत. एकानं निव्वळ भावाला मिळू नये म्हणून दिलं. एक म्हातारे तर विद्यापीठात शिकलेही नव्हते. बायकोला संध्याकाळच्या वर्गाला सोडायला यायचे आणि गाडीत बसून राहायचे. म्हणाले, त्या पार्किंगमध्ये माझं अर्धं लग्न गेलंय.” तिनं वडीचा तुकडा मोडला. “बहुतेकांना वाटतं आपल्यामागं कुणीतरी तिथं येत-जात राहावं. तुम्ही का देताय?”

“ती म्हणाली म्हणून.”

हे खरं होतं, पण पुरतं नव्हतं. ताबा हा शब्द त्याला आवडला होता. मरेपर्यंत दुपारी त्या कुंपणापाशी बसायचा हक्क. डेलला दिलं तर मका लागेल, आणि मक्यात आर्डिस कुठं येणार?

*

सही करण्याआधी रान बघायला मार्नीबरोबर विद्यापीठातली जोआना व्रबा आली. आर्डिसनं तिला फुलं दाखवली होती, ती विद्यार्थिनी असताना. आता ती तिथंच शिकवत होती. पांढरा तुकडा बघून ती थांबली. चिमूटभर माती बोटांत चोळली.

“इथं काय पडलंय, ऑर्विन? चुना?”

“आर्डिस.”

मग व्रबानं हळूच विचारलं, “सगळी? एकाच जागी?”

“उडू नये म्हणून. वरून पाणी मारलं.”

“राखेत खार असतो,” ती म्हणाली. “थोडी असती, पसरून, तर पावसानं धुऊन नेली असती. अशी दाबलेली मुळांना जाळते. हे आपोआप बरं व्हायला फार वर्षं लागतील. फूटभर माती खणून काढली आणि शेजारची घातली, तर फुलं परत येतील. बी पडल्यापासून फूल दिसायला दहा-बारा वर्षं तरी जातात, पण येतील.”

“म्हणजे तिला खणून काढायचं.”

“माती, ऑर्विन.”

“तेच ते.”

मार्नी मध्ये पडली. “घाई नाही. तुमचा ताबा आहे तोवर कुणी फावडं लावणार नाही. हवं तर कागदावरच घालू. नंतरचं नंतर.”

“घाला,” ऑर्विन म्हणाला. “मी आहे तोवर त्याला हात नाही. नाहीतर सही नाही.”

व्रबा तुकड्याच्या कडेकडेनं चालायला लागली. दोन पावलं गेली की वाकायची, दोन बोटांनी गवताचा बुडखा बाजूला सारायची, बघायची, सोडायची. पुढं सरकायची. पुन्हा वाकायची.

हे ऑर्विन कितीतरी दुपारी बघत आला होता. असंच कमरेत वाकणं. अशीच दोन बोटं.

“काय करतेस तू?” त्यानं विचारलं.

“बघतेय, काही वाचलंय का. कधीकधी कडेला एखादा कोंब असतो.”

“आहे?”

“नाही.” ती आणखी वाकली. “एकही नाही.”

तो तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं आर्डिस त्याच्यासाठी येते. त्याच्याकडे बघत नाही, कारण मेलेली माणसं बघत नसतील, एवढंच. ती त्याच्यासाठी येत नव्हती. तिचं काहीतरी हरवलं होतं, आणि ते तिला सापडत नव्हतं. भर उन्हात, एकेक बुडखा सारून, पुन्हा पहिल्यापासून. आणि तो तिकडे कॉफी पीत बसायचा, आज ती आली म्हणून खूश होऊन.

“बरं वाटत नाही का?” मार्नीनं विचारलं.

“ती अट काढून टाका,” तो म्हणाला. “बाकी राहू दे तसंच. पण हे खणा. याच आठवड्यात.”

“ऑर्विन, विचार करा. नंतर—”

“नंतर काय? तोवर तिनं शोधत राहायचं?”

दोघींना काही कळलं नाही. त्यानं समजावलं नाही.

*

खणायला व्रबाबरोबर दोघे आले होते, पण ऑर्विननं फावडं कुणाला दिलं नाही. जमिनीत हात घालायचं काम तो आयुष्यभर करत आला होता. माती त्यानं स्वतः पिकअपच्या मागच्या हौद्यात भरली. कुठं नेणार असं व्रबानं विचारलं तेव्हा म्हणाला, “दफनभूमीत. तिच्या आईवडिलांशेजारी. पाद्र्याला विचारलंय.” मग म्हणाला, “तिथं नुसती लॉन आहे. मेली तर मरू दे.”

खड्ड्यात शेजारची काळी माती पडली. आता पाहणाऱ्याला तिथं काही झालं होतं हे कळलं नसतं.

गाव तसं जवळ, पण तो फार हळू चालवत होता. रस्ता खडीचा, आणि हौद्यावर ताडपत्री नव्हती. माती उडायला लागली तसा थांबून त्यानं दफनभूमीसाठी घातलेला कोट काढला आणि वर पसरला. कोट पुरला नाही. तो परत चढून बसला, पहिल्याहून हळू निघाला.

मागून ट्रॅक्टर आला. जरा वेळ तसाच मागं राहिला, मग हॉर्न वाजला. ऑर्विननं कडेला घेतलं नाही. शेवटी डेल ट्रॅक्टर ठेवून चालतच खिडकीशी आला.

“काका, झोपलात की काय? मला तोवर म्हातारपण येईल.” मग त्याची नजर हौद्याकडे गेली. “माती कसली? कोट कुणावर घातलाय?”

“काकूवर.”

डेल बघत राहिला. रान हातचं गेलं हे त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि त्यावर बोलायचं त्यानं ठरवूनही ठेवलं असावं. त्याऐवजी त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग परत गेला, ट्रॅक्टरवर चढला आणि भर दुपारी समोरचे दिवे लावले. त्या भागात अंत्ययात्रेतल्या गाड्या तसे लावतात.

समोरून दुधाचा टँकर येत होता. दिवे बघून तो कडेला थांबला. आतल्या माणसानंही टोपी काढली.

ऑर्विननं गियर टाकला. आरशात त्यानं पाहिलं नाही. आर्डिस मागं हौद्यात बसली असेल, किंवा रानातच राहिली असेल. आणि रानात असेल तर आता तिथं शोधलं तर सापडण्यासारखं काहीतरी उगवणार होतं. पण मागं बसली असली तर तिला धक्के बसू नयेत, म्हणून तो खड्डे चुकवत गेला.