अर्ध्या छताचा दाभण

टोचणं हे माझं काम, बोलणं नव्हे. पण आता टोक बोथट झालंय, आणि बोथट झालेल्याला बोलण्यावाचून दुसरं काय उरतं? मी दाभण. शिडाचं जाड कापड शिवायचा, वीतभर लांबीचा, नाकातून सुतळी जाईल एवढा. सुयांच्या घराण्यातलाच म्हणा, पण सुया मला आपल्यात धरत नाहीत. कुठल्याही लग्नाच्या कपड्याला मी आजवर शिवलेलो नाही.

बंदरावरच्या एका लोहारानं फुटक्या होडीच्या खिळ्यातून मला ठोकून काढलं. खिळा होतो तेव्हा दोन फळ्या धरून ठेवायचो, दाभण झालो तेव्हा दोन कापडं. म्हणजे नाव बदललं, धंदा तोच राहिला.

मला ज्यानं विकत घेतलं त्याला सगळे शिडवाला दादा म्हणत. गावोगाव फिरून जहाजांची शिडं शिवायची आणि शिवता शिवता वधस्तंभावर गेलेल्या आपल्या प्रभूची गोष्ट सांगायची, असं त्याचं दुहेरी काम होतं. बुटका, टकला, पायानं जरा अधू. बोलायला उभा राहिला की शब्द अडखळायचे. पण हातात मी असलो की बोलणं सरळ यायचं, टाक्यामागून टाका. त्याच्या अंगठ्याला माझ्या दाबानं एक घट्टा पडला होता, नेमका माझ्या बुडाएवढा. मी त्यात असा बसायचो, जसं दमलेलं माणूस आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसतं.

या गावात तो आला तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. एका धोबिणीनं आपल्या झोपडीपुढची ओसरी दिली. ती धुण्याच्या दगडावरून परत आली की त्याच्या दोऱ्याला मेण लावून द्यायची आणि ऐकायची. हळूहळू माणसं जमली. हमाल, कुंभारीण, दुसऱ्यांच्या घरची गुलाम माणसं, आणि मग एक कापडाचा मोठा व्यापारी, त्याची बायको, त्याचा मुलगा. अशी मंडळी तयार झाली. सगळे एकमेकांना दादा आणि ताई म्हणू लागले. पुढे भांडलेही सख्ख्या भावंडांसारखेच, हे ओघानं आलंच.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी व्यापाऱ्याच्या घरी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, एक भाकर मोडून प्रभूची आठवण करायची, असं ठरलं. अडचण एकच होती. आतल्या खोलीत नऊ माणसं मावत. बाकीचे अंगणात, उन्हात नाहीतर दवात. शिडवाला दादा म्हणाला, "खोली मोठी करता येत नाही ना? मग अंगणालाच छत घालू. म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्नच मिटला." त्यानं शिडाचं कापड आणलं आणि आम्ही कामाला लागलो.

छत अर्ध्याहून थोडं जास्त झालं असेल. तेवढ्यात गावात त्याच्याविरुद्ध बोंब उठली आणि मिळेल त्या जहाजानं त्याला निघावं लागलं. निघताना त्यानं मला कापडात टोचलं. दोरा माझ्या नाकात तसाच होता. अंगठ्यानं मला एकदा दाबलं आणि म्हणाला, "राहू दे हे असंच. परत आलो की पुरं करू."

ते 'करू' मी आजवर जपून ठेवलंय.

दोन वर्षं गेली. छताची गुंडाळी कोठीत पडली. मला मात्र व्यापाऱ्यानं कापडातून उपसून लाकडी डबीत ठेवलं, खाली लोकरीचं मऊ अस्तर घालून. "दादांचा दाभण," तो पाहुण्यांना दाखवायचा. पाहुणे मान डोलवायचे. दाभणाकडे बघून मान डोलवायची असते हे मला तेव्हाच कळलं.

मधल्या काळात गावात एक वक्ता येऊन गेला. उंच, गोरटेला, बोलायला लागला की तेलाची धार. मंडळीत दोन तट पडले. काहीजण म्हणत आम्ही शिडवाल्याचे, काहीजण म्हणत आम्ही वक्त्याचे. वक्त्याकडचे म्हणत, "त्याला धड चार वाक्यं बोलता येत नव्हती." शिडवाल्याकडचे म्हणत, "तुमच्या वक्त्याला धड एक टाका घालता येत नव्हता." छत पुरं करायचा विषय निघाला की पहिले म्हणत असले जाड टाके आम्हाला नकोत, आणि दुसरे म्हणत दादांच्या शिवणीला कुणी हात लावायचा नाही. असं दोघांचं एकमत होऊन छत कोठीतच राहिलं.

आणि जेवण? व्यापारी, त्याचे मित्र, तेलाच्या घाण्याचा जाडा मालक, हे सगळे आपल्या मर्जीचे धनी. ऊन कलतं ना कलतं तोच आतल्या खोलीत टेकायचे. अन्न गार होतं म्हणून सुरुवात करायचे. हमाल, धोबीण आणि बाकीची राबणारी माणसं दिवस मावळल्यावर यायची, तोवर भांड्यांचे तळ दिसत असायचे. मग अंगणात बसून भाकरीचा उरलेला तुकडा वाटून घ्यायचे. कुणी वाईट नव्हतं. भूक लागलेली होती, इतकंच.

हे सगळं एका माणसाच्या नजरेतून सुटत नव्हतं. व्यापाऱ्याच्या घरात नुकतीच सून आली होती. बोलायची कमी. डबी पुसायचं काम तिच्याकडे आलं आणि आमची ओळख झाली. दुसऱ्या पाहुण्यांसारखी ती मान डोलवत नसे. ती माझ्या नाकातला कुजत चाललेला दोरा बघायची आणि म्हणायची, "तुला पण इथं ठेवून गेलेत का रे?" सासरी सगळं चांगलं होतं, तरी संध्याकाळी भांडी मांडताना तिचे डोळे दाराकडे जायचे. तिच्या माहेरी वडील कामावरून येईपर्यंत झाकणं उघडत नसत, हे तिनं मला एकदा पुसता पुसता सांगितलं होतं.

एके दिवशी ती विहिरीवरून आली आणि घागर धाडकन ठेवली. नवरा हिशोबाला बसला होता, त्याला म्हणाली, "धोबीणताई आता यायच्या नाहीत."

"का?"

"तीन आठवडे उपाशी परतल्यात. म्हणाल्या, 'दादांचं पत्र येणार आहे ते तेवढं ऐकते, मग मी मोकळी. घरी निदान उपाशी आहे हे माहीत तरी असतं.'"

नवरा मान खाजवत म्हणाला, "आईशी बोलून बघ."

"आई म्हणतात बाबांशी बोल. बाबा म्हणतात आईशी बोल. मी आता विहिरीशीच बोलते."

तो हसला आणि मग गप्प झाला. हसणं संपल्यावर गप्प होणारी माणसं मला आवडतात.

पत्र खरंच आलं. एका खलाशानं आणलं, मेणकापडात गुंडाळलेलं. शिडवाल्यानं ते एका लेखनिकाकडून लिहवून घेतलं होतं. आठवड्याचा पहिलाच दिवस होता. ऊन अजून भिंतीवर होतं. नऊ जण आतल्या खोलीत बसलेले, भांडी मांडलेली, आणि मान म्हणून माझी डबीही मधोमध, झाकण उघडून ठेवलेली.

"वाच," व्यापारी मुलाला म्हणाला.

सासूबाई जरा चुळबुळल्या. "बाकीचे यायचेत अजून."

"आले की थोडक्यात सांगू त्यांना. वाच तू."

मुलगा वाचू लागला. तटांबद्दल होतं, वक्त्याबद्दल चार प्रेमाचे शब्द होते, तेव्हा वक्त्याकडचे खूश झाले. तुमची आठवण काढून रडलो असं होतं, तेव्हा शिडवाल्याकडचे खूश झाले. मी डबीत पडून एकेक शब्द ओढून घेत होतो. आवाज दुसऱ्याचा होता, पण अडखळणं त्याचंच.

मग मुलानं वाचलं: "तुमच्या जेवणाबद्दल माझ्या कानावर आलंय ते खरं नसावं असं वाटतं. पहिला घास उचलण्याआधी दाराकडे बघत जा. ज्याचे पाय सगळ्यांत जास्त दुखताहेत, तो अजून वाटेवर असेल."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. घाण्याच्या मालकाच्या हातातला तुकडा तोंडाशी जाऊन थबकला होता.

"हं, पुढे," व्यापारी म्हणाला.

"थांबा."

हा शब्द कुठून आला ते कुणाला आधी कळलंच नाही. कोपऱ्यात पाण्याचं भांडं घेऊन सून उभी होती. तिचे कान लाल झाले होते, पण भांडं हलत नव्हतं.

"बाबा, हे पत्र आपल्याला आहे की सगळ्यांना?"

"सगळ्यांनाच, सूनबाई. म्हटलं ना, त्यांना थोडक्यात सांगू."

"काय सांगायचं? दादांनी तुमची वाट बघा असं लिहिलंय, ते आम्ही तुमची वाट न बघता वाचलं, असं?"

घाण्याच्या मालकाला हसू फुटलं आणि ठसका लागला. सासूबाईंनी पाणी द्यायला भांडं घेतलं ते सुनेच्याच हातातून, आणि घेताना तिच्या बोटांवर आपली बोटं क्षणभर ठेवली. व्यापाऱ्याचा चेहरा मात्र उतरला. तो मुलाकडे वळला. "तू वाच रे."

मुलानं पत्र शांतपणे गुंडाळलं. "बाबा, माझा घसा बसला."

"आत्ता तर चांगला होता!"

"आत्ताच बसला. ते आले की सुटेल बहुतेक."

मग जे झालं ते या घरात आधी कधी झालं नव्हतं. काहीच झालं नाही. अन्न गार होत राहिलं, माणसं बसून राहिली. भिंतीवरचं ऊन वर सरकत गेलं. वक्त्याकडच्या एकानं विषय बदलायचा म्हणून छताबद्दल विचारलं, आणि कुणी भांडलं नाही. पोटात भूक असली की तट टिकत नाहीत, असं माझं तरी निरीक्षण आहे.

दिवे लागायच्या सुमाराला हमाल आला, कुंभारीण आली, आणि सगळ्यात शेवटी धोबीण. धुण्याच्या खारानं फुटलेले हात पदराखाली धरून ती उंबऱ्याशीच थांबली. भरलेली भांडी, न मोडलेली भाकर, गप्प बसलेली माणसं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "कोण गेलं?"

मग व्यापारीच उठला. गुडघे धरून, सावकाश.

"कुणी गेलं नाही, ताई. तुझी वाट बघत होतो."

आतल्या खोलीत सगळे मावणार नव्हते, म्हणून सगळे अंगणात आले. मुलाचा घसा सुटला. पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं गेलं, वक्त्यासकट, रडण्यासकट. शेवटी लेखनिकाचं सुबक अक्षर संपलं आणि खाली चार ओळी जाड, वाकड्या, एकेक शब्द दाभणानं ओढून घेतल्यासारख्या. त्या त्याच्या स्वतःच्या हातच्या होत्या. मुलानं त्या धोबिणीला दाखवल्या. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हो, दादांचेच टाके."

ओळी अशा होत्या: "छत अजून अर्धंच आहे असं खलाशी सांगतो. माझी वाट कशाला बघता? ज्यांची बघायची त्यांची बघा. दाभण तिथंच आहे."

डबीत मी ऐकलं. खोटं कशाला सांगू, मला ते टोचलं. दोन वर्षं मी एका अंगठ्याची वाट बघत होतो, आणि त्या अंगठ्यानंच लिहून पाठवलं होतं की नको बघूस.

व्यापाऱ्यानं डबी आणली आणि धोबिणीपुढे धरली. तिनं माझ्या नाकातला कुजका दोरा काढला, नवा ओवला, त्याला मेण लावलं. मेण लावायची तिची ती जुनीच रीत होती. दुसऱ्या दिवसापासून ती काम आटपून यायची, सून कापड ताणून धरायची. धोबिणीच्या हाताला घट्टा नव्हता, भेगा होत्या. पहिले काही टाके मला परके वाटले. मग एका टाक्यात कापड जरा अडलं, ती थांबली आणि तिनं अंगठ्यानं मला दाबलं, अगदी तसंच, जसं त्यानं दाबलं होतं. ओसरीवर बसून तिनं बघितलं असणार. मी निमूट आत गेलो.

छत पुरं झालं त्याला आता कितीतरी वर्षं झाली. पत्राच्या नकला निघाल्या, या गावातून त्या गावात गेल्या. जिथं जिथं भांडणं असतात तिथं तिथं ते वाचतात म्हणे, म्हणजे त्याला मरण नाही. माझी नक्कल कुणी काढली नाही. माझ्या अंगावर गंज आहे, टोक गेलंय. नव्या दुरुस्तीला नवा दाभण येतो. पण सुनेनं मला टाकलं नाही आणि डबीतही घातलं नाही. जिथं त्याची शिवण संपते आणि धोबिणीची सुरू होते, नेमकं तिथं तिनं मला कापडात टोचून ठेवलंय. एका बाजूला तो, एका बाजूला ती, मध्ये मी. यापेक्षा चांगलं म्हातारपण कुठल्या सुईला मिळालं असेल तर तिनं सांगावं.

सून आता स्वतः सासू होईल इतकी मोठी झालीय. सगळे जमले की भाकर मोडण्याआधी ती उठते, दाराकडे बघते आणि विचारते, "आले का सगळे?"

"आले," सगळे म्हणतात.

ती आणखी थोडा वेळ दाराकडे बघत राहते. मग नजर वर येते, छताच्या त्या शिवणीवर, माझ्यावर. तो काही आला नाही. कुठल्याशा दूरच्या गावी त्याला मातीत ठेवलं, असं एका खलाशानं सांगितलं होतं. मला वाट बघू नकोस असं त्यानंच लिहिलं होतं, हेही मी विसरलेलो नाही. तरीही तुम्ही कधी अशा अंगणात जेवायला बसलात, तर पहिला घास उचलण्याआधी जरा थांबा.

माझ्या मोजणीत एक जण अजून यायचाय.