त्रेचाळीस अंगठे आणि मी

खालचा बाण म्हणतात मला. घरातली बिघडलेली यंत्रं कशी दुरुस्त करायची हे एकमेकांना फुकट शिकवणारं एक ऑनलाइन मंडळ आहे, तिथे माझा मुक्काम. प्रत्येक उत्तराखाली आम्ही दोघं असतो. एक तो अंगठा, सगळ्यांचा लाडका. शेजारी मी, तोंड खाली करून उभा. उत्तर चुकीचं वाटलं तर मला दाबायचं. पण दाबतंय कोण? आज मी बोलणार आहे, आणि जरा वाकडंच बोलणार आहे. वर्षानुवर्षं मान खाली घालून उभे राहा, मग तुमची जीभ किती गोड राहते ते सांगा.

माझा जन्म रागातून झाला. हे मंडळ काढलं एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने. सुरुवातीला नुसता अंगठाच होता. कुणीही काहीही लिहावं आणि बाकीच्यांनी "वा वा" करावं. एकाने मिक्सरच्या मोटरमध्ये स्वयंपाकाचं तेल ओतायला सांगितलं, त्यालाही अकरा अंगठे! रेडिओवाल्याचं डोकंच फिरलं. प्रोग्रामिंग करणाऱ्या भाचीला म्हणाला, "चूक म्हणायची काहीतरी सोय कर बाई. नाहीतर हे सगळे मिळून कुणाचं तरी घर जाळतील." भाचीने चहा पिता पिता मला बनवलं. वर अट घातली, की मला दाबणाऱ्याचं नाव दिसणार आणि कारणही लिहावं लागणार. झालं! माझा धंदा पहिल्याच दिवशी बसला.

तसं मंडळ चांगलं हो, उगाच नावं ठेवणार नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा एक भला माणूस आपली जेवणाची सुट्टी घालवून कुणाच्या तरी इस्त्रीची वायर कशी बदलायची ते फोटो काढून समजावतो. कारण एकदा त्यालाही कुणीतरी असंच समजावलं होतं. शिवाय ओळखीची मंडळी वाचणार, म्हणून पाठवण्याआधी तीनदा तपासतो. अनोळखी गर्दीत हाच बाबा तिरकस काहीतरी फेकून मोकळा झाला असता. ओळखीचा असा धाक असतो. पण ओळखीची भीडही असते, आणि तिथे मला कुत्रंसुद्धा विचारत नाही.

या भिडेवर सगळ्यात आरामात जगत होते मास्तर. चाळीस वर्षं वॉशिंग मशीन दुरुस्त करून निवृत्त झालेले. नऊशेच्या वर उत्तरं, एकावरही मी नाही. त्यांचं नाव दिसलं की लोक आधी अंगठा देतात आणि मग वाचतात, वाचलंच तर.

एका दुपारी पाळणाघर चालवणाऱ्या बाईंचा प्रश्न आला. मायक्रोवेव्ह गरम होत नाही, आतला फ्यूज उडाला असावा. बारा मुलांचं दूध-जेवण आहे आणि मेकॅनिक दोन दिवस येणार नाही. मीच उघडू का? सोबत मायक्रोवेव्हचा फोटो. मास्तरांनी उत्तर ठोकलं, "प्लग काढा आणि बिनधास्त हात घाला. प्लग काढला की यंत्र मेलं." अर्ध्या तासात त्रेचाळीस अंगठे. बाईंनी लिहिलं, "आभारी आहे मास्तर! मुलं झोपली की चारला उघडते."

मास्तरांच्या बायकोने हे वाचलं तेव्हा पावणेचार झाले होते. मंडळात तिला काकू म्हणतात. टीव्हीच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेली बाई. मी तिच्या फोनमध्येच होतो, त्यामुळे पुढचं सगळं ऐकलं.

"अहो, ते उत्तर आधी काढा. मायक्रोवेव्हमध्ये कपॅसिटर असतो. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते. जीव जाईल तिचा."

"चाळीस वर्षं मशिनं उघडतोय," मास्तर पेपरातून म्हणाले. "कधी मेलो का?"

"तुम्ही कपड्यांची मशिनं उघडलीत. आमच्याकडे टीव्हीच्या ट्यूबला हात लावायच्या आधी हेच शिकवायचे. माझ्या शेजारची मुलगी विसरली, ती भिंतीवर जाऊन आदळली."

"म्हणजे त्रेचाळीस जण खुळे आहेत?"

"हो," काकू म्हणाली, आणि तिने मला दाबलं.

कारणात तिने लिहिलं, "उघडू नका, जीव जाईल. मी यांची बायको आहे, तरी सांगते." दोन मिनिटांत लिफ्टवाल्याने अंगठा मागे घेऊन मला दाबलं. "न वाचता दिला होता. लाज वाटते." मग लागली रांग! अंग ठेचून निघालं माझं. पण बाईंचा पत्ता नाही. मुलं झोपलेली, मोबाइल मुका करून ठेवलेला.

मास्तर आधी लाल झाले. मग त्यांनी लिफ्टवाल्याची ओळ वाचली आणि पेपर खाली ठेवला. "तिचा नंबर कुणाकडे आहे?" त्यांनी मंडळात विचारलं. तो सापडला लिफ्टवाल्यालाच. बाईंच्या फोटोत मायक्रोवेव्हमागे पाळणाघराची सूचना चिकटवलेली होती, खाली कार्यालयातल्या फोनचा नंबर. मास्तरांनी स्वतः लावला, स्पीकरवर. चार वाजून सहा मिनिटं.

"बाई, मास्तर बोलतोय. हात कुठे आहे तुमचा?"

"झाकण काढलंय. आता आत घालणारच होते."

"नका घालू. मी चुकलो. बाजूला व्हा आधी." बाई बाजूला झाल्याचं ऐकूनच त्यांनी फोन ठेवला. काकूने पाण्याचा ग्लास पुढे केला.

मास्तरांनी ते उत्तर पुसलं नाही. वर लिहिलं, "हे चुकीचं आहे. माझ्या बायकोने पकडलं." आता गंमत बघा, या ओळीला अंगठे मिळाले दोनशे! राबलो मी आणि मिरवतोय अंगठा, चालायचंच.

माझं मागणं फार मोठं नाही. परक्या माणसावर मला कुणीही दाबेल, त्याला काय लागतं? आपलं माणूस चुकलं की दाबा, आणि कारण नीट लिहा. मी काही चावत नाही.

गेल्या आठवड्यात काकूने फ्रिजच्या एका प्रश्नाला उत्तर लिहिलं. आडवा करून आणलेला फ्रिज लगेच सुरू केला तरी चालतो म्हणे. पहिला बाण मास्तरांचा. "काही तास उभा ठेवावा, आतलं तेल जागेवर बसू द्यावं." काकूने वाचलं, उत्तर दुरुस्त केलं आणि आतून ओरडली, "चला, आता माझंही वाचायला लागलात!"