दोन कमी

मित्सुएनं सुरीची पाठ उलटी धरली आणि गोबोवरची माती खरवडायला घेतली. हातभर लांब, काळपट, जून फांदीसारखी दिसणारी ती भाजीची मुळं पाटावर रचून ठेवली होती. दुपारच्या नाटकाला दोनशे माणसं येणार होती, आणि नाटक संपल्यावर प्रत्येकाच्या हातावर मित्सुएच्या हातचा गोबो पडलाच पाहिजे, असा गावाचा शिरस्ता होता. गोबोपायीच तर तिच्या बापाला फाशी झाली होती.

कुवाबारा मास्तर मघापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस एरवी गप्पांना कधी कमी पडायचा नाही. आज चहा निवत चालला तरी त्यांनी पेला उचलला नव्हता.

"मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

"खटल्याचे कागद आले, मित्सुएबाई." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "फाशीला पन्नास वर्षं झाली म्हणून आपल्या नाटकवाल्या नामिओनं मागवले होते. नाटकाच्या पत्रकात दोन ओळी छापायच्या म्हणाला. आठवडाभर बसून भाषांतर केलं."

"त्यात गोबोचं आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर!" तिचा चेहरा उजळला. "लोक म्हणतात, ही सगळी सांगोवांगी आहे. आता त्यांच्या तोंडावर कागद मारता येईल."



मित्सुएला हा कागद हवाच होता. अकरा वर्षांची असताना तिनं 'युद्धगुन्हेगाराची पोर' ही शिवी दगडासकट झेलली होती. आईला मासळीच्या वखारीतून काढून टाकलं, तेही 'गिऱ्हाईक नाक मुरडतं' म्हणून. ज्या गावानं तिच्या बापाला हार घालून गावाशेजारच्या युद्धकैद्यांच्या छावणीच्या पहाऱ्यावर पाठवलं, तेच गाव तो फासावर गेल्यावर त्याचं नाव घ्यायला तयार नव्हतं. पुढे केव्हातरी एका साप्ताहिकात छापून आलं की उपाशी कैद्यांना पहारेकऱ्यांनी आपल्या तोंडचा गोबो काढून दिला आणि युद्ध संपल्यावर त्याच गोऱ्या साहेबांनी न्यायालयात सांगितलं, आम्हाला झाडाची मुळं चारली. गावाला हायसं वाटलं. नामिओच्या वडिलांनी त्यावर नाटक रचलं, आणि पंचवीस वर्षं गाव दर शरदात मनसोक्त रडत आलं. मित्सुएला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. ती खुर्ची तिला फार प्रिय होती, आणि तिनं ते कधी लपवलंही नाही.

आईनं मात्र नाटक एकदाही पाहिलं नाही आणि मरेपर्यंत गोबोला तोंड लावलं नाही. दुःखानं, असं लोक म्हणायचे.

"वाचा की, मास्तर."

"नाटक झाल्यावर वाचतो."

"आत्ता वाचा. माझे हात भरलेत."

मास्तरांनी चष्मा चढवला. शाळेत धडा वाचावा तसं ते सपाट आवाजात वाचू लागले. मृताचं नाव लेस्ली हार्किन, वय तेवीस, ऑस्ट्रेलियन कैदी. आरोपीनं त्याला कावडीच्या दांड्यानं मारलं. सकाळच्या हजेरीपासून दुपारपर्यंत मारलं. कारण, त्यानं कुंपणाबाहेरच्या शेतातून गोबोची दोन मुळं उपटून कच्ची, मातीसकट खाल्ली होती.

मित्सुएची सुरी थांबली नाही. पेन्सिलीला टोक काढावं तसे ती गोबोचे पातळ काप पाण्यात पाडत होती. पाणी तांबूस होत चाललं होतं.

"आरोपीचा जबाब," मास्तर म्हणाले आणि थांबले. "इथंच ठेवतो, बाई. एवढ्यानं भागतंय."

"वाचा."

"'ते शेत माझ्या घरचं होतं. चोरी माझ्याही लक्षात आली नसती. माझी सात वर्षांची मुलगी शाळेत आकडे शिकत होती. तिनं वाफ्यातली मुळं मोजली आणि मला येऊन सांगितलं, बाबा, दोन कमी आहेत.'"

आता सुरी थांबली.

त्या दिवसाचं तिला भाजलेलं रताळं तेवढं आठवत होतं. गरम, साल करपलेलं. बाबांनी संध्याकाळी तिला खांद्यावर घेतलं होतं आणि म्हणाले होते, "माझी पोर डोळस आहे हो." मोजणी बरोबर आली म्हणून बक्षीस. काय मोजलं होतं, ते कुणी विचारलं नाही आणि तिलाही आठवलं नाही. हीच आठवण तिनं नामिओच्या वडिलांना सांगितली होती. नाटकातला तो प्रवेश आला की बायका बाही डोळ्यांना लावून मोठ्यानं हुंदके द्यायच्या.

"फाडून टाकू का?" मास्तरांनी हळूच विचारलं. "माझ्याशिवाय कुणी वाचलेलं नाही. मेलेल्याला कशाला पुन्हा मारायचं?"

"कोणत्या मेलेल्याला, मास्तर?"

मित्सुएनं पाटावरची दोन मुळं उचलली, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली आणि उरलेली चिरायला घेतली.

दुपारी सभागृह गच्च भरलं. नाटकात बापाचं काम करणारा नामिओ विंगेत गळ्यावर फासाचा वळ रंगवून घेत होता. एरवी तो चटया विणायचा आणि रविवारी बेसबॉल खेळायचा.

"ताई, परवा माझ्या हातून झेल सुटला," तो हसत म्हणाला. "हरलो ना! सगळी पोरं मलाच म्हणतात, तू या सामन्याचा युद्धगुन्हेगार!"

आजकाल कोणावर खापर फोडायचं असलं की तोच शब्द वापरतात. मित्सुए दरवेळी कसनुसं हसायची. आज हसली नाही.

नाटक ठरल्यासारखं झालं. रताळं दिलं गेलं, लोक रडले. नामिओनं भुकेल्या गोऱ्या कैद्यापुढे गोबोची वाटी धरली, लोक पुन्हा रडले. शेवटी प्रथेप्रमाणे मित्सुएला रंगमंचावर नेलं. तिचं एकच वाक्य असायचं: 'माझ्या बाबांनी त्यांना गोबो दिला.' ते झालं की पडदा पडायचा.

ती उभी राहिली. कागद तिच्या बाहीत होता, पण तिनं तो काढला नाही.

"माझ्या बाबांनी," ती म्हणाली, "त्याला गोबो खाऊ दिला नाही."

सभागृहात चुळबूळ झाली. पहिल्या रांगेतली एक म्हातारी तिची कीव येऊन पुटपुटली, "दिला होता, गं. दिला होता." मागून आणखी दोघं-तिघं म्हणाले. विसरायला होतं बिचारीला, एकसष्ट वय म्हणजे काय थोडं झालं!

"दिला होता, ताई," नामिओ तिच्या कानाशी म्हणाला.

"नाही. मारला त्याला. मी सांगि..."

पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. तिला सावरून घ्यायला लोक उभे राहून, मनापासून टाळ्या वाजवत होते. पडदा पडला. एकटे कुवाबारा मास्तर हात मांडीवर ठेवून बसून होते.

बाहेर ओसरीवर गोबो वाटून संपला. वाढणारी शेजारीण रिकामं पातेलं घेऊन तिच्याकडे आली.

"मित्सुएताई, यंदा जरा कमीच पडला हो. दरवर्षी पुरून उरतो."

मित्सुएनं पातेल्यात पाहिलं. तळाशी थोडं तेल आणि तीळ होते.

"हो," ती म्हणाली. "दोन कमी होते."