पत्रांच्या फटीमागची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे, आणि त्या मंगळवारच्या धसक्यातून मी अजून सावरलेली नाही. एरवी मी अशी घाबरट नव्हे. महायुद्धात बॉम्ब पडत होते तेव्हासुद्धा मी जागची हलले नाही. पण शेजारीण दाराशी येऊन परत जाते, हे मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

माझा जन्म इंग्लंडमधल्या विलनहॉलचा. तिथे घरोघर कुलपे घडत. कानशीने घासून घासून एका म्हाताऱ्या कारागिराने माझे दाते पाडले आणि मला ओल्डम गावी पाठवले. ओल्डम म्हणजे सूतगिरण्यांचे गाव. टिलरी रो नावाच्या गल्लीतल्या नऊ नंबरच्या दाराला माझे कुलूप बसले. घरच्या बाईने गिरणीतून आणलेल्या जाड सुती दोरीला मला बांधले आणि पोस्टमन पत्रे टाकतो त्या दारातल्या फटीमागे लोंबते सोडले. बाहेरून फटीत हात घालायचा, दोरी ओढायची, मला बाहेर काढून दार उघडायचे. आमच्या गल्लीत सगळ्याच घरांची हीच रीत होती. दार ठोठावणारा म्हणजे परका माणूस, भाडे मागणारा नाहीतर पाद्रीबाबा.

मग त्या घरात विनी ऑग्डन लग्न होऊन आली, आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. कोणी चिमूटभर चहा मागायला येई, कोणी पाऊस आला म्हणून विनीचे वाळत घातलेले कपडे काढून आत आणून टाकी. विनीचा मुलगा माल्कम शाळेतून आला की टाचा उंच करून मला ओढी. राणीच्या राज्याभिषेकाला गल्लीतला एकुलता एक टीव्ही आमच्याकडे होता. त्या दिवशी बैठकीच्या खोलीत सव्वीस माणसे दाटीवाटीने बसली. मला इतक्यांनी ओढले की माझी दोरी काळी पडली. मला त्याचा अभिमान वाटे.

पुढे प्रत्येकाने आपापला टीव्ही घेतला. धुण्याची यंत्रे आली, सोमवारची दोऱ्यांवरची धुणी गेली. गिरणीचा भोंगा बंद झाला. दूधवाला यायचा थांबला, दूध दुकानातून प्लास्टिकच्या डब्यात येऊ लागले. पूर्वी गल्लीतून प्रेतयात्रा निघाली की मेलेल्याला मान म्हणून घराघरांचे पडदे ओढले जात. एकदा मात्र शवगाडी गेली आणि एकही पडदा हलला नाही. मी हबकलेच. एकामागून एक दारांमागच्या किल्ल्यांच्या दोऱ्या निघाल्या आणि अखेर मी एकटीच उरले.

एकटी म्हणजे अगदीच एकटी नव्हे. समोरच्या घरातली हिल्डा क्लेग होती. कानाने जड, स्वभावाने त्याहून जड, पण रोज सकाळी दहाच्या ठोक्याला फटीतून तिचा हात आत येई. चाळीस वर्षे विनीकडे ती चहा प्यायली आणि एकदाही तिने दार ठोठावले नाही.

एका रविवारी माल्कम आला. आता तो दक्षिणेत मोठ्या नोकरीवर होता. पलीकडच्या गल्लीत चोरी झाल्याचे त्याने ऐकले आणि माझी दोरी पाहून त्याचा पारा चढला.

"आई, हे म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या देणं झालं."

"अरे, याच दोरीनं तू शाळेतून घरात यायचास."

"तेव्हाचं वेगळं होतं."

त्याने कात्रीने दोरी कापली आणि मला आतल्या भिंतीवर, कोटांच्या खुंटीशेजारी खिळ्याला अडकवले. ज्याच्या चिमुकल्या बोटांना मी ओळखत होते, त्यानेच मला उतरवले.

सोमवारी हिल्डा दवाखान्यात गेल्यामुळे आली नाही. विनी दिवसभर तिला सांगायचे कसे याची जुळवाजुळव करत होती. ज्या मैत्रिणीने चाळीस वर्षे आपले घर स्वतःचे मानले, तिला "आता तुला दार बंद" म्हणायला जीभ रेटेना. उद्या सांगू म्हणून तिने टाळले. मंगळवारी सकाळी दिवा लावून ती चहाचे आधण ठेवायला गेली आणि ओल्या फरशीवर पाय घसरून स्वयंपाकघराच्या दारात पडली. खुब्याचे हाड मोडले. तिला उठता येईना.

बरोबर दहाला फटीची झडप उचलली गेली. हिल्डाचा हात आत आला. बोटांनी इकडे चाचपले, तिकडे चाचपले. मी समोर खिळ्यावर होते, हातभर अंतरावर, पण मला काही करता येत नव्हते. विनीने हाक मारली. आवाज क्षीण, आणि हिल्डा कानाने जड. हात थांबला. मग फटीतून शब्द आले.

"बरं, विनी. समजलं मला."

आणि ती गेली. दोरी काढली म्हणजे आपल्याला घराबाहेर काढले, असेच तिला वाटले. विचारण्यात तिला कमीपणा वाटला, जसा सांगण्यात विनीला वाटला होता.

संध्याकाळी माल्कमचा फोन वाजून वाजून थांबला. आई हिल्डाकडे असेल, असे माल्कमला वाटले. शेजारचा टॅक्सीवाला शफीक याला स्वयंपाकघरातला दिवा रात्रभर जळताना दिसला, पण लोकांच्या घरात कशाला डोकवा, म्हणून तो गप्प राहिला. बुधवार उलटला. विनीची हाक थांबली. मी तिचा श्वास ऐकत होते.

गुरुवारी हिल्डा पुन्हा आली ती भांडण काढायला. विनीचा केक भाजायचा साचा तिच्याकडे राहिला होता. असल्या माणसाची भांडीसुद्धा आपल्या घरात नकोत, असा तिचा बाणा. साचा पायरीवर ठेवून चार शब्द सुनवावेत म्हणून ती फटीशी वाकली आणि तिला जमिनीवर विनीचा पाय दिसला.

तिच्या किंकाळीने शफीक धावत आला. त्याने खांद्याने दार फोडले. माझ्यावाचून ते दार कधी उघडले नव्हते.

विनीचे ओठ सुकले होते. हिल्डा तिच्याजवळ फतकल मारून बसली.

"दोरी कुठंय गं?"

"माल्कमनं कापली. तुला सांगायची लाज वाटली मला."

"आणि मी मेली रुसून घरात बसले," हिल्डा म्हणाली आणि विनीचा हात छातीशी धरून रडली. मलाही तेव्हा रडावेसे वाटले.

विनी दीड महिन्याने इस्पितळातून घरी आली. तोवर नवे दार, नवे कुलूप लागले होते. मी आता कुठलेच दार उघडत नाही. माल्कमने कोणी न सांगता नवी दोरी आणली. पण नवी किल्ली इतकी हलकी की वाऱ्याने भलतीकडेच लोंबे, म्हणून त्याने मला तिच्याशेजारी वजनाला बांधले. गाठ मारून त्याने ती दोनदा ओढून पाहिली. ती बोटे मी ओळखली.

मित्रांनो, काळ बदलला, दारे लावून घ्या. माझी त्याला ना नाही. पण हिल्डा आता दोरी ओढण्याआधी तीनदा दार ठोठावते, अगदी परक्यासारखे, आणि आतून विनीची मोठ्याने ओ येईपर्यंत तिथून हलत नाही. तुम्हीही एवढेच करा. कोणाच्या दाराशी ओळखीची दोरी सापडली नाही, तर रुसून परत फिरू नका. दार वाजवा.