फ्युरेंड

अरुंधतीचे वडील कीर्तनाला उभे राहण्याआधी पखवाजाच्या पुडीला कपाळ टेकवायचे. "नाम देवाचं, पण कातडं कुणाच्या तरी आईचं," म्हणायचे. तेवढं एक वेड तिनं जर्मनीत जसंच्या तसं आणलं होतं. कोल्हापूरला चामड्याच्या प्रयोगशाळेत दहा वर्षं काढलेली ही बाई आता नेकारसुल्मजवळच्या एका खेड्यात रीडले नावाच्या कारागिराकडे कातडी कमावत होती. शिकारी जनावर मारून आणत, अरुंधती कातडं कमवी आणि रीडले ते साच्यावर चढवून जनावर पुन्हा जिवंत वाटेल असं उभं करत. सुरी लावण्याआधी ती प्रत्येक कातड्याला हात लावून तो कपाळाला लावायची.

"झाली प्रार्थना, आरू?" रीडले हसायचे. "मग घे सुरी. ते काही आता उठून पळत नाही."

फेब्रुवारीतल्या शेवटच्या सोमवारी क्राउस नावाचा म्हातारा शिकारी रानडुकरिणीचं ताजं कातडं घेऊन आला.

"या खेपेला स्वतः मारलीस, की तुझ्या गाडीखाली आली?" रीडलेंनी त्याला डिवचलं.

"सकाळीच मारली. साठ मीटरवरून, एका गोळीत."

"फ्युरेंड?"

"नाइन, नाइन!" क्राउसनं जोरात नकाराची मान हलवली. "खुळा समजतोस काय मला?"

दोघं खदखदून हसले. डुकरीण क्राउसला दिवाणखान्यात हवी होती, अख्खी, नाक वर करून हवा हुंगताना.

दुपारी रीडले काचेचे डोळे आणायला शहरात गेले. अरुंधतीनं कातडं लाकडाच्या ओंडक्यावर आतली बाजू वर करून पसरलं, कानात कीर्तन लावलं आणि दोन मुठींच्या सुरीनं चरबी खरवडायला घेतली. खांद्याशी कातडं बोटभर जाड होतं. पोटाकडे येईतो बुवा पूर्वरंग संपवून कथेला लागले होते. तिथं सुरी लागताच तिच्या मनगटावरून काहीतरी गार, पांढरं ओघळलं. तिनं ते बोटांत चोळलं.

दूध.

तिनं कातडं उलटलं. सड लांबलेले, भोवतीचे केस झिजलेले. म्हणजे कुठंतरी पिल्लं आहेत, आणि ती वाट बघताहेत. तिनं कानातली कथा बंद केली.

मग तिला ती सकाळची हसाहशी आठवली. फ्युरेंड! हा शब्द तिला चांगला ठाऊक होता. तिचा नवरा प्रसन्न ज्या कंपनीत होता तिच्या दारावरच मोठ्या अक्षरांत होतं की आम्ही या धंद्यात फ्युरेंड आहोत. अग्रगण्य. पुढारी. ही पुढारीण नव्हती, म्हणजे कळपाची थोरली अजून आहे. आणि थोरली असली की पोरकी पिल्लं ओढून घेते, माणसांत काय वेगळं असतं? तिचा जीव भांड्यात पडला. देवाचं नाव घेऊन तिनं हात धुतले आणि कातड्यात मूठ मूठ मीठ चोळलं.

मंगळवारी बर्फ पडलं. बुधवारी तिनं मीठ झटकलं, नवं घातलं. थोरली असेलच, ती मनाशी म्हणत राहिली.

गुरुवारी रीडलेंबरोबर जेवताना तिनं सहज विषय काढला. "एवढ्या बर्फात थोरलीला किती सांभाळावं लागत असेल, नाही? आपली आणि हिची पण."

"हिची काय?"

"पिल्लं. सोमवारची. केवढं दूध होतं तिला."

रीडलेंचा घास हातातच राहिला. "दूध? आणि तू मला आज सांगतेस?"

"तुम्हीच विचारलंत ना, फ्युरेंड का म्हणून? तो नाही म्हणाला. पुढारीण नव्हती, मग—"

"अगं बाई," रीडले अगदी हळू म्हणाले, "फ्युरेंड म्हणजे पाठीशी पिल्लं असलेली. शिकाऱ्यांची भाषा आहे ती. तसली मारणं गुन्हा आहे. क्राउस खोटं बोलला."

अरुंधती उठली, बसली, पुन्हा उठली. तीन दिवस. तीन दिवस ते दूध तिला एकटीला माहीत होतं आणि तिनं ते धुऊन टाकलं होतं.

"आता काही उपयोग नाही," रीडले म्हणाले. "तीस वर्षांचा मित्र आहे तो माझा. पोट आत टाचू, कुणाला दिसायचं नाही."

"टाचायचं नाही," ती म्हणाली. "फोन करायचाय. वनखात्याचा नंबर द्या."

तिचा व्हिसा या नोकरीवर होता. ते दोघांनाही माहीत होतं. रीडलेंनी ताट बाजूला सारलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा नंबर बोटानं दाखवला.

वनाधिकारी बाई, फ्राउ हेल्त्सले, अर्ध्या तासात कुत्रा घेऊन आल्या. कातड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर डुकरीण मारल्याची जागा लिहिलेली होती. अरुंधती अंगावरच्या अॅप्रनसकट गाडीत बसली.

कुत्रा काट्यांच्या जाळीपाशी थांबला. आत वाळक्या गवताची खोलगट बिछायत, आईनं तोंडानं रचलेली. तीत सहा पट्टेरी पिल्लं एकमेकांवर चढून पडलेली. पाच कडक झाली होती. तळातलं सहावं हललं.

त्यानं नाक वर केलं, हवा हुंगली, आणि लटपटत थेट अरुंधतीकडे आलं. तिच्या अॅप्रनमध्ये तोंड खुपसून ते चोखू लागलं. सोमवारपासूनची चरबी होती तिथं. त्याच्या आईची.

"आपण नेऊ याला," अरुंधती म्हणाली. "मी करीन. बाटलीनं पाजीन."

"परवानगी नाही, रोगराईमुळे," फ्राउ हेल्त्सले म्हणाल्या. "आणि असती तरी हे संध्याकाळ बघणार नाही. जबडा गार पडलाय, बघा. तुम्ही गाडीत जाऊन बसा."

अरुंधती गेली नाही. तिनं अॅप्रन सोडला, त्यात पिल्लाला गुंडाळून खाली ठेवलं आणि त्याला हात लावून तो कपाळाला लावला. कीर्तन संपताना वडील म्हणायचे ते चार शब्द ती शोधत होती. सापडले नाहीत. गोळीचा आवाज बर्फात अगदी लहान झाला.

"अॅप्रनही यांच्याबरोबर जाळावा लागेल," पिशवी बांधताना फ्राउ हेल्त्सले म्हणाल्या.

"बाकीच्या पाचांनाही त्यातच घाला," ती म्हणाली.