बाबा, चौरंगावरून उतरा

"नवी चप्पल हाय माझी. इथं सोडा म्हणते, मंग देवी राखण करीन काय तिची?"

माझ्या कानाशी कुरकुरणाऱ्या बाईनं कुरकुरतच चप्पल ढिगात टाकली आणि रांगेत लागली. खुर्सीपारच्या आमच्या गल्लीत आंधीनं उपटलेला कडुनिंब आडवा पडला होता. बाकी गल्ल्या मोकळ्या झाल्या. नगर निगमच्या माणसांनी फांद्या, उडालेले पत्रे, फुटक्या टाक्या ट्रॉलीत भरून नेल्या. आमच्या झाडाशी मात्र त्यांचं कटर थांबलं, कारण पुढे पुंडलिकबाबा आडवा झाला. हा परवापर्यंत पावर हाउस भागातल्या बाजारात ताईत विकायचा. आंधीनं झाड पाडलं आणि पुंडलिकाला उभं केलं.

खोडाला शेंदूर, वर भोंगा, बाजूला हॅलोजन. चौरंगावर उभा राहून बाबा ओरडायचा, "माय झाडातून निघून चालली होती, मी अडवली! चपला काढा! खोडावर पाणी घाला! ओल्या पायानं उभे राहा अन् हात लावा! ज्याचं मन साफ, त्यालेच शक्ती भेटते!"

आणि भेटायची. हात टेकवला की कोपरापर्यंत झिणझिण्या. बाया किंचाळत, रडत, पुन्हा रांगेत लागत. बाबा स्वतः खोडावर हात ठेवून ढिम्म. "मले पचते शक्ती," म्हणायचा.

मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या रांगेत माझी मोठी जाऊ होती, अन्नपूर्णाबाई. लकव्यानं तिचा उजवा हात लोंबत होता. तो खोडाला टेकवला आणि बोटं टणकन आखडली. "हालली! बोटं हालली!" सारी गल्ली ओरडली. बाई कितीतरी महिन्यांनी हसली. बाबानं तिथंच सांगितलं, गोळ्या बंद, हाताची कसरत बंद. तिनं दोन्ही सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. भोंगा मुका झाला आणि देवीही. "माय आराम करून राहिली," बाबा म्हणाला. लाइट आली, भोंगा खरखरला आणि रांगेत लगेच किंकाळी. कारखान्यात जन्म घालवलेली माणसं होती तिथं. झटका कसा लागतो हे त्यांना मी शिकवावं? पण ज्याच्या-त्याच्या घरात काहीतरी दुखणं होतं, म्हणून सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती.

आमच्या घरातही तेच. माझे यजमान शेषराव ड्यूटीवरून येताना फांदी चुकवायला खोडावर हात टेकून वाकले. पायात सेफ्टी शूज. त्यांना काहीच झालं नाही. त्यांनी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

घरात आल्यावर मी म्हटलं, "सांगा ना वहिनीले."

"आईवाणी वाढवलं तिनं मले. हसून राहिली ते, सीमा. राहू दे."

"आज आरतीले अंगावर घागर ओतून झाडाले मिठी मारायची हाय तिले. बाबानं सांगितलं. तेही राहू देऊ?"



आरतीला अन्नपूर्णाबाई घागर घेऊन पुढे झाली. मी तिच्या आणि झाडाच्या मध्ये उभी राहिले.

"बाबा, चौरंगावरून उतरा. आमच्यासारखे ओल्यात उभे राहा अन् मंग हात लावा."

"आसन सोडलं तर प्रलय येईन, बाई!"

"आंधी येऊन गेली. अजून काय यायचं राहिलं?"

कोणीतरी खुदकन हसलं. बाकीचे उसळले. "हिले हटवा! पापी हाय हे!" "जावेचं बरं झालेलं पाहवत नाही हिले!" धक्क्यात माझ्या बांगड्या फुटल्या. मी हटले नाही. मी बाबाचे पाय पाहत होते. चौरंगाच्या कडेपर्यंत यायचे आणि खाली खोल विहीर असल्यासारखे मागे सरायचे.

"उतर ना रे," ती नव्या चपलेवाली बाई म्हणाली. "आमच्या चपला काढून घेतल्या, तुले काय झालं?"

तेवढ्यात शेषराव टेस्टर आणि वाळका बांबू घेऊन आले. मागे निगमचा कटरवाला माणूस होता. टेस्टर खोडाला लावला. लाल दिवा लागला. मग त्यांनी खांबावरच्या तारेत टाकलेला आकडा बांबूनं उडवला. हॅलोजन विझला, भोंगा मेला. शेंदूर खरवडला तर आत खिळा, खिळ्याला गुंडाळलेली तार, पाल्याखालून थेट त्या आकड्यापर्यंत.

"पाप्यांनी माय घालवली!" बाबा चौरंगावरूनच किंचाळला. एक दगड माझ्या खांद्याला लागला.

"पायाखाली पाणी असलं की झटका लागतो," मी ओरडले. "वाळकं लाकूड असलं की लागत नाही, म्हणून हा उतरत नाही! झटक्यानं मेल्या बेडकाचा पायही उडते. म्हणून बाईची बोटं..."

शेषरावांनी मान खाली घातली. सगळी गल्ली बाईच्या हाताकडे पाहत होती.

बाईनं घागर खाली ठेवली. डाव्या हातानं उजवा उचलून खोडावर ठेवला. बोटं तशीच पडून राहिली.

"लाइटीसंगं येते अन् लाइटीसंगं जाते, ते देवी नाही," ती म्हणाली. "करंट होता. मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. तुमी सारे खुश दिसले, म्हणून बोलली नाही." मग ती निगमच्या माणसाकडे वळली. "हा हात आता पहिल्यासारखा होत नाही. कसरतीनं जेवढा होईन तेवढा होईन. कापा झाड."