काल्याचा घास

आम्ही नर्सांनी युनियन बांधली, पण ट्रस्टचा दवाखाना ती मानायला तयार नव्हता. "सिस्टरांनी सेवा करावी, युनियन कशाला?" असं चेअरमन आप्पासाहेब हसत हसत म्हणायचे.

वॉर्डबॉयांची युनियन मात्र जुनी, मानलेली. तिचा सेक्रेटरी कारभारी, माझ्याच गावचा, पाचोडचा. छावणीतल्या विठ्ठलमंदिरात पखवाज वाजवायचा. त्याची थाप पडली की कीर्तन जमिनीवरून उचललं जायचं. गेटावरच्या सभेत त्यानं गळ्यातली माळ मुठीत धरली. "आक्का, तुमी बाहेर तर आमी बी बाहेर. तुमची युनियन मानल्याबिगर झाडूला हात लावनार नाय."

"लई बोलतोय गं," साळूबाई सिस्टर पुटपुटली. मी तिच्यावरच डाफरले. माळकरी माणूस माळ धरून खोटं बोलेल का?

त्याच्या भरवशावर आम्ही काम थांबवलं. अत्यवस्थ रोग्यांपाशी दोघी ठेवल्या नि बाकीच्या गेटापुढं सतरंजीवर बसलो. पहिला दिवस वॉर्डबॉय आमच्यासोबत होते. दुसऱ्या सकाळी ते एकेक करून आत गेले. शेवटी कारभारी.

"काय सेक्रेटरी, वाट चुकली का?" साळूबाईनं विचारलं.

तो थांबला नाही. दुपारी कळलं, त्याच्या युनियनची बदलीवरची, हंगामी पोरं आप्पासाहेबांनी कायम केली होती. आमचे औषधांचे ट्रे आता ती फिरवत होती. आम्हाला निरोप आला, "दवाखाना चाललाय की. कशाची मान्यता मागता?"

तिसऱ्या सकाळी विठ्ठलमंदिरात सप्ताहाचं काल्याचं कीर्तन होतं. पाय निघत नव्हता, पण काला चुकवायचा कसा? महाराज गोपाळांच्या शिदोऱ्या रंगवून सांगत होते. कुणाची भाकर, कुणाचं ताक, सगळं एकात कालवलेलं, नि देव त्यांच्या तोंडचं उष्टं खातोय. मागं कारभारीचा पखवाज. आज तरी हात चुकेल असं मला वाटत होतं. एकदाही चुकला नाही. त्याचंच जास्त लागलं.

हंडी फुटली. लोक एकमेकांना घास भरवू लागले. कारभारी माझ्यापुढं आला.

"आक्का, घे. पोरांची लेकरंबाळं दिसली गं मला. तू माझ्या जागी असती तर?"

"तुझी जागा सतरंजीवर व्हती रे."

काला देवाचा, त्याला नाही कसं म्हणायचं? मी तोंड उघडलं. घास गिळला. मग त्यानं मान वाकवून तोंड पुढं केलं. उलट भरवायचाच असतो. माझ्या ओंजळीत दही-लाह्या होत्या, पण हात वर जाईना. जन्मात कुणाला काला नाकारला नव्हता मी. शेजारच्या म्हातारीला तो घास भरवला नि चपला पायात घातल्या.

"आक्का, काल्यात राग धरत नसतात!" तो पायरीपर्यंत आला.

"राग असता तर भांडले असते, कारभारी."

गेटावर निम्म्याच उरल्या होत्या. साळूबाईनं सरकून जागा दिली. तेवढ्यात पुरुष वॉर्डाच्या खिडकीतून कुणीतरी कळवळून हाक मारली, "सिस्टर! ओ सिस्टर!"

आम्ही सगळ्याच उठलो. आतून एका पोराचा आवाज आला, "आलो, आलो. वरडू नका." सलाईन त्याला लावता येतं का, देव जाणे. आम्ही तशाच उभ्या राहिलो.